मायग्रेशन झालं, तरी पहिले पाढे पंचावन्न: मोंगोडीबीत जुन्या आकाराची डॉक्युमेंट पुन्हा का उगवतात

लक्षण ओळखीचं आहे. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये एकेक नोंद म्हणजे एक डॉक्युमेंट. त्यातल्या फील्डचा आकार (नाव, टाइप, रचना) बदलला, जुनी डॉक्युमेंट नव्या आकारात आणणारी मायग्रेशन स्क्रिप्ट चालवली, जुन्या आकाराची डॉक्युमेंट मोजली तर शून्य. आठवड्याने पुन्हा मोजली तर चारशे. स्क्रिप्ट परत चालवली, परत शून्य, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग कोणीतरी ती स्क्रिप्ट रोज रात्री चालणाऱ्या क्रॉनला जोडतं आणि विषय संपला असं सगळे धरून चालतात. हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जुना आकार डेटाबेसमध्ये आपोआप तयार होत नाही, कुठला तरी कोड तो लिहीत असतो. तो कोड सापडेपर्यंत स्क्रिप्ट कितीही वेळा चालवा, उपयोग नाही.

उदाहरणासाठी एकच बदल धरू. ग्राहकांच्या कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटच्या संचात) ‘फोन’ नावाचं स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचं, फील्ड होतं. आता एका ग्राहकाचे अनेक नंबर ठेवायचे आहेत, म्हणून ‘फोन्स’ नावाचा अॅरे (यादी) हवा आणि त्यातल्या प्रत्येक घटकात ‘नंबर’ आणि ‘प्रकार’. सोबत ‘व्हर्जन’ हे पूर्णांकाचं फील्ड: नव्या आकारात २, जुन्यात ते मुळातच नाही. खाली ऑपरेटरची नावं देवनागरीत दिली आहेत. शेलमध्ये ती अर्थातच डॉलरचं चिन्ह लावून टाइप करायची.

आधी शिरगणती

दुरुस्तीला हात घालण्याआधी कलेक्शनमध्ये नेमके किती आकार नांदतायत ते मोजा. अॅग्रिगेशनमध्ये (गट करून मोजणाऱ्या क्वेरीत) ग्रुप लावा आणि त्याच्या आयडीत तीन गोष्टी ठेवा: ‘व्हर्जन’ची किंमत, ‘फोन’चा टाइप आणि ‘फोन्स’चा टाइप. टाइप एक्स्प्रेशन फील्ड नसेल तर ‘मिसिंग’ असं उत्तर देतं, त्यामुळे नसलेलं फील्ड आणि नल (रिकामी किंमत) भरलेलं फील्ड वेगळं दिसतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण साध्या फाइंडमध्ये ‘फोन: नल’ असं विचारलं की दोन्ही प्रकारची डॉक्युमेंट मिळतात. फक्त नसलेली हवी असतील तर एक्झिस्ट्स फॉल्स, फक्त नलवाली हवी असतील तर टाइप १०.

ही मोजणी पूर्ण कलेक्शन वाचते, म्हणून ती सेकंडरीवर (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) चालवा. घाईत सॅम्पल लावून भागवू नका. त्रास देणारे आकार हजारात एखाद-दुसरे असतात आणि नमुन्यात नेमके तेच सापडत नाहीत.

उत्तरात साधारणपणे दोन ओळी अपेक्षित असतात आणि सहा-सात निघतात. ‘फोन’ कुठे स्ट्रिंग, कुठे डबल (कोणीतरी एक्सेलमधून आयात केलेला असतो), कुठे नल. (रिकामी स्ट्रिंग इथे स्ट्रिंगमध्येच मोजली जाते.) एका ओळीत ‘फोन’ आणि ‘फोन्स’ दोन्ही हजर असतात. एका ओळीत व्हर्जन २ आहे पण ‘फोन्स’च नाही. ही शेवटची ओळ दिसली की समजायचं, कोड व्हर्जनचा आकडा पुढे ढकलतोय पण आकार बदलत नाहीये.

अॅपच्या स्क्रीनवर किंवा मंगूसमधून (नोडजेएससाठीची मोंगोडीबी लायब्ररी) तपासून ‘सगळं बरोबर दिसतंय’ म्हणू नका. मंगूसच्या स्कीमात डीफॉल्ट दिलेला असेल तर डॉक्युमेंट वाचताना नसलेलं फील्ड तिथल्या तिथे भरलेलं दिसतं, डिस्कवर मात्र ते नसतं. लीन लावून, म्हणजे मंगूसची ही भर टाळून, वाचलं की खरं रूप समोर येतं. याहून धोकादायक गोष्ट म्हणजे मंगूस ६ मधला स्ट्रिक्टक्वेरीचा डीफॉल्ट. फिल्टरमधलं फील्ड स्कीमात नसेल तर ती आवृत्ती ते गुपचूप काढून टाकते आणि फिल्टर रिकामा होतो. जुनं फील्ड स्कीमातून काढल्यावर त्याच फील्डवर डिलीटमेनी चालवली तर काय होईल याची कल्पना करा. मंगूस ७ मध्ये हा डीफॉल्ट बदलला आहे.

नळ कुठे चालू आहे

आता त्या उगवलेल्या चारशे डॉक्युमेंटचे आयडी बघा. ऑब्जेक्टआयडी १२ बाइटचा असतो: पहिले ४ बाइट म्हणजे तयार झाल्याची वेळ सेकंदांत, पुढचे ५ बाइट म्हणजे प्रोसेस सुरू होताना एकदाच काढलेला रँडम आकडा, शेवटचे ३ म्हणजे काउंटर. ड्रायव्हरनेच (अॅपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीने) आयडी दिलेले असतील तर यातून दोन गोष्टी कळतात.

पहिली, वेळ. टूडेट लावून आयडीतली तारीख काढा. ती मायग्रेशननंतरची असेल तर कोणीतरी नवीन डॉक्युमेंट जुन्या आकारात घालतंय. ती मायग्रेशनच्या आधीची असेल तर एकदा बदललेलं डॉक्युमेंट परत जुन्या रूपात लिहिलं गेलंय, किंवा स्क्रिप्टने ते मुळात पकडलंच नव्हतं. या तीन आजारांची औषधं वेगवेगळी आहेत.

दुसरी, प्रोसेस. आयडीच्या २४ अक्षरी हेक्स रूपात ९ ते १८ ही अक्षरं म्हणजे तो रँडम भाग. नव्याने घातलेल्या जुन्या आकाराच्या डॉक्युमेंटमध्ये तो भाग एकसारखा असेल तर सगळी एकाच प्रोसेसमधून आली आहेत. बहुतेकदा तो कोणीतरी विसरलेला वर्कर (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) असतो, महिनोन्‌महिने रीस्टार्ट न झालेला. प्रत्येक डॉक्युमेंटमध्ये वेगळा भाग दिसला तर काम दर वेळी नव्याने सुरू होणारं आहे: क्रॉन, हाताने चालवलेली आयात, किंवा थोड्या वेळासाठी उठणारं सर्व्हरलेस फंक्शन.

याने नाव कळत नाही, फक्त दिशा कळते. नाव कळण्यासाठी व्हॅलिडेटरचा (लिहिताना डॉक्युमेंट तपासणाऱ्या नियमाचा) आडवळणाने उपयोग होतो. कॉलमॉड कमांडने कलेक्शनवर जेसनस्कीमा व्हॅलिडेटर लावा (मोंगोडीबी ३.६ पासून उपलब्ध), त्यात ‘फोन्स’ आणि ‘व्हर्जन’ आवश्यक ठरवा, आणि व्हॅलिडेशन अॅक्शन ‘वॉर्न’ ठेवा. मग चुकीचं डॉक्युमेंट अडत नाही, पण मोंगोडीच्या (डेटाबेस सर्व्हरच्या) लॉगमध्ये नोंद होते. त्या नोंदीत कनेक्शनचा क्रमांक असतो. लॉगमध्ये वर जाऊन त्याच कनेक्शनच्या सुरुवातीची क्लायंट मेटाडेटाची ओळ शोधली की ड्रायव्हर, त्याची आवृत्ती आणि अॅपनेम मिळतं. अॅपनेम मात्र कनेक्शन स्ट्रिंगमध्ये दिलेलं असेल तरच. प्रत्येक सर्व्हिस आणि प्रत्येक क्रॉनला वेगळं अॅपनेम द्यायला दोन मिनिटं लागतात. ज्यांनी ते दिलेलं नसतं त्यांना अशा वेळी आयपी पत्ते जुळवत बसावं लागतं. आणि वॉर्नची नोंद डॉक्युमेंटमधला मजकूरही लॉगमध्ये टाकू शकते, म्हणून ग्राहकांची माहिती असेल तर लॉग कोण वाचतं ते आधी बघा.

पुसलं जाण्याचा खेळ

नवीन डॉक्युमेंट जुन्या आकारात येणं शोधायला सोपं असतं. खरा डोकेदुखीचा प्रकार आहे बदललेलं डॉक्युमेंट परत जुनं होणं. हे जवळून बघू.

वर्कर १०:०० वाजता ग्राहकाचं डॉक्युमेंट वाचतो. त्याच्या मेमरीत ‘फोन’ आहे, ‘फोन्स’ नाही. १०:०१ ला मायग्रेशन स्क्रिप्ट त्या डॉक्युमेंटवरून जाते: ‘फोन्स’ आला, व्हर्जन २ झालं, ‘फोन’ गेला. १०:०२ ला वर्करचं काम संपतं, तो फक्त ‘शेवटची भेट’ बदलतो आणि पूर्ण ऑब्जेक्ट रिप्लेसवनने परत लिहितो. संपलं. ‘फोन्स’ गायब, ‘फोन’ परत आला, व्हर्जनही गेलं. एरर कुठेच नाही, कारण मोंगोडीबीच्या दृष्टीने सगळं रीतसर झालं.

हाच खेळ वेळेची शर्यत नसतानाही होतो. जुन्या रिलीजच्या क्लासमध्ये ‘फोन्स’ हे फील्डच नसेल, मॅपर (डॉक्युमेंटचा ऑब्जेक्ट करणारा कोड) अनोळखी फील्ड टाकून देत असेल आणि सेव्ह म्हणजे पूर्ण रिप्लेस असेल, तर तो कोड ज्या ज्या डॉक्युमेंटला शिवेल त्याचा नवा भाग पुसला जातो. सी शार्पचा ड्रायव्हर निदान बोंब तरी मारतो: अनोळखी एलिमेंट दिसला की एक्सेप्शन फेकतो. मग लोक घाईने ‘इग्नोअर एक्स्ट्रा एलिमेंट्स’ लावतात, एक्सेप्शन थांबतं आणि पुसणं सुरू होतं. तिथे एक्स्ट्रा एलिमेंट्स साठवून परत लिहिणारा पर्याय हवा.

पकडायची रीत: कलेक्शनवर चेंज स्ट्रीम (होणाऱ्या बदलांचा थेट प्रवाह) लावा आणि ऑपरेशनटाइप ‘रिप्लेस’ एवढंच गाळून बघा. जिथे फक्त अपडेट अपेक्षित आहेत तिथे रिप्लेस दिसला की तुमचा माणूस सापडला. ऑपलॉग (सगळ्या बदलांची सर्व्हरची नोंदवही) थेट चाळूनही हे दिसतं, पण त्यात आयडीवर इंडेक्स नसतो, शोध संथ चालतो.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. एक, पूर्ण डॉक्युमेंट लिहिणं बंद करून सेटने तेवढीच फील्ड बदला जी खरंच बदलली. दोन, जिथे रिप्लेस टाळता येत नाही तिथे फिल्टरमध्ये आयडीसोबत वाचताना दिसलेलं व्हर्जनही घाला. मॅच्डकाउंट ० आला तर मधे कोणीतरी बदललं आहे. परत वाचा, परत करा. जुन्या डॉक्युमेंटमध्ये व्हर्जन नसतं, तिथे फिल्टरमध्ये एक्झिस्ट्स फॉल्स. अपसर्ट करणाऱ्या कोडकडेही लक्ष असू द्या. तो डॉक्युमेंट नसेल तर जुन्या आकारात निर्माण करतो. सेटऑनइन्सर्टमध्ये नवा आकार आणि व्हर्जन दिलं की तो मार्ग बंद.

रांगेत पडून असलेले मेसेजही याच गटातले. कोड नवा, पण तीन दिवसांपूर्वी रांगेत टाकलेला मेसेज जुन्या आकाराचा. मेसेजलाही व्हर्जन द्या आणि कन्झ्युमरमध्ये (रांगेतून मेसेज उचलणाऱ्या कोडमध्ये) रूपांतर करा. मोबाइल अॅपच्या जुन्या आवृत्त्या तर वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे रूपांतर सर्व्हरवरच व्हायला हवं.

स्क्रिप्टनेच सोडून दिलेली डॉक्युमेंट

आता तिसरी शक्यता. इथे चुका ठरावीक आहेत.

स्किप वापरलेला असतो. फिल्टर ‘व्हर्जन नसलेली’, दर वेळी १,००० ची बॅच, आणि स्किप ०, १,०००, २,००० असा वाढत जाणारा. पहिली बॅच बदलली की ती फिल्टरमधून बाहेर पडते, उरलेली पुढे सरकतात, आणि वर स्किप आणखी १,००० सोडून देतो. १०,००० डॉक्युमेंट असतील तर पाच बॅचनंतर स्क्रिप्ट ‘काही उरलं नाही’ म्हणून थांबते आणि बरोबर ५,००० तशीच राहतात. स्किप नको, आयडीच्या क्रमाने जा, शेवटचा आयडी लक्षात ठेवा, पुढची बॅच त्याहून मोठ्या आयडींची.

त्यातही एक खाच आहे. मोंगोडीबी तुलना करताना टाइप बघतो. शेवटचा आयडी ऑब्जेक्टआयडी असेल तर ‘याहून मोठा’ या अटीत स्ट्रिंग आयडीची डॉक्युमेंट येतच नाहीत. आयडी मिश्र असतील तर प्रत्येक टाइपसाठी वेगळी फेरी. याच कारणाने ‘व्हर्जन २ पेक्षा लहान’ हा फिल्टर ज्यांत व्हर्जनच नाही त्यांना पकडत नाही. ‘व्हर्जन २ नाही’ असं एनई लावून विचारा, त्यात नसलेली येतात.

पुढची चूक चौकटी कंसाची. अपडेटमेनीत दुसऱ्या फील्डची किंमत वापरायची असेल तर अपडेट पाइपलाइन म्हणून, म्हणजे चौकटी कंसात द्यावं लागतं (४.२ पासून). कंस विसरलात तर एरर येत नाही. प्रत्येक ग्राहकाच्या नंबरच्या जागी ‘डॉलर फोन’ ही अक्षरंच साठवली जातात. मूळ ‘फोन’ त्याच अपडेटमध्ये काढून टाकला असेल तर मग बॅकअप शोधा.

पाइपलाइनमध्ये ‘फोन’चा टाइप बघून फांद्या करा. स्ट्रिंग आणि रिकामी नाही: एका घटकाचा अॅरे. नल, नसलेला किंवा रिकामी स्ट्रिंग: रिकामा अॅरे. ही फांदी नसेल तर नंबरच नसलेला, फक्त ‘प्रकार’ असलेला पोकळ घटक तयार होतो. डबल असेल तर आधी टूलाँग, मग टूस्ट्रिंग. डबलवरून थेट स्ट्रिंग केली तर मोठा आकडा घातांकाच्या रूपात येऊ शकतो. डबलमध्ये सुरुवातीचं शून्य आधीच गेलेलं असतं, ते कुठलीही स्क्रिप्ट परत आणणार नाही. अशा डॉक्युमेंटवर वेगळी खूण ठेवा. उरलेल्या, अनपेक्षित टाइपच्या डॉक्युमेंटना हात लावू नका, त्यांची यादी काढा.

रीनेम वापरायचा मोह होतो. दोन गोष्टी माहीत असू द्या: अॅरेच्या आतल्या फील्डवर तो चालत नाही, आणि नव्या नावाचं फील्ड आधीच असेल तर ते उडवून जुनी किंमत तिथे ठेवतो. दुहेरी लेखन (जुनं आणि नवं दोन्ही फील्ड लिहिणं) चालू असताना रीनेम म्हणजे ताज्या माहितीवर शिळी माहिती.

बॅच ५०० ते १,००० ची, राइट कन्सर्न मेजॉरिटी (बहुसंख्य सर्व्हरवर पोचलं तरच लिहिलं असं धरायचं), बॅचमध्ये १०० ते २०० मिलीसेकंदांची उसंत, आणि सेकंडरीचा लॅग (मागे पडणं) वाढला की थांबायचं. हे आकडे म्हणजे सुरुवातीचा अंदाज, पुढे तुमचा सर्व्हर सांगेल. एकच मोठी अपडेटमेनी का नको? कारण ती पूर्ण कलेक्शनसाठी अॅटॉमिक नसतेच, फक्त एका डॉक्युमेंटपुरती असते. मधे तुटली तर अर्धं काम होऊन राहतं. शिवाय प्रत्येक बदललेल्या डॉक्युमेंटची ऑपलॉगमध्ये नोंद होते. ऑपलॉग पटकन फिरला तर मागे पडलेली सेकंडरी आणि चेंज स्ट्रीमचे वाचक दोघांचा धागा तुटतो. ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळायचा विचार असेल तर त्याची डीफॉल्ट मुदत ६० सेकंद आहे.

क्रम चुकला तर

आधी फक्त दोन्ही आकार वाचता येणारा रिलीज. तो सगळीकडे पोचला, जुना एकही इन्स्टन्स उरला नाही, हे पाहिल्यावरच दोन्ही फील्ड लिहिणारा रिलीज. मग बॅकफिल, म्हणजे जुन्या डॉक्युमेंटमध्ये ‘फोन्स’ भरणं. मग वाचन फक्त ‘फोन्स’मधून. काही दिवसांनी ‘फोन’ लिहिणं बंद, आणि सगळ्यात शेवटी अनसेट, म्हणजे ‘फोन’ काढून टाकणं. लोक पहिले दोन टप्पे एकत्र उरकतात, आणि रोलिंग डिप्लॉयच्या (एकेक इन्स्टन्स नवा करत जाण्याच्या) त्या दहा मिनिटांत जुने इन्स्टन्स नव्या डॉक्युमेंटवर अडखळतात.

दुहेरी लेखनाच्या काळात ‘फोन्स आहे म्हणजे झालं’ असं समजू नका. जुना कोड फक्त ‘फोन’ बदलून जातो आणि ‘फोन्स’मधला नंबर शिळा राहतो. एक्सपीआर वापरून ‘फोन’ आणि ‘फोन्स’मधला पहिला नंबर वेगळा असलेली डॉक्युमेंट शोधा. ही क्वेरी संथ आहे, रात्री सेकंडरीवर चालवा. इथे शून्य आलं तरच अनसेटकडे वळायचं.

कुलूप

गळती थांबली आणि शिरगणती स्वच्छ आली की व्हॅलिडेटर ‘वॉर्न’वरून ‘एरर’वर न्या. व्हॅलिडेटर आधीपासूनच्या डॉक्युमेंटना तपासत नाही. तीच स्कीमा नॉरमध्ये घालून फाइंड केली की नियमात न बसणारी सगळी मिळतात. काही उरली असतील तर लेव्हल ‘मॉडरेट’: नव्या इन्सर्टवर नियम लागू, पण आधीच चुकीच्या असलेल्या डॉक्युमेंटचे अपडेट अडत नाहीत. सगळी साफ झाली की ‘स्ट्रिक्ट’. ‘फोन’ परत येऊच नये यासाठी नियमात ‘नॉट’च्या आत ‘फोन आवश्यक’ लिहा. अॅडिशनल प्रॉपर्टीज फॉल्स लावणार असाल तर प्रॉपर्टीजमध्ये आयडीचं फील्डही लिहा, नाहीतर एकही डॉक्युमेंट पास होणार नाही. चुकणाऱ्या कोडला आता एरर १२१ मिळेल, आणि ५.० पासून त्यात नेमकी कुठली अट मोडली तेही येतं. जुन्या रिलीजवर परत जावं लागलं तर हाच व्हॅलिडेटर त्याला अडवेल, म्हणून रोलबॅकच्या यादीत ‘आधी व्हॅलिडेटर वॉर्नवर’ ही ओळ हवीच.

इंडेक्सचं थोडक्यात. ‘फोन्स’मधल्या नंबरवर युनिक इंडेक्स लावताना नंबर नसलेली दोन डॉक्युमेंट असली की ई११००० (डुप्लिकेट की) हा एरर येतो, कारण नसलेलं फील्ड नल धरलं जातं. पार्शल इंडेक्स (अटीत बसणाऱ्याच डॉक्युमेंटचा) लावा, अट ‘नंबरचा टाइप स्ट्रिंग’. क्वेरीतही तीच अट द्या, नाहीतर प्लॅनर तो इंडेक्स घेत नाही. युनिकचा नियम दोन डॉक्युमेंटमध्ये लागू होतो, एकाच अॅरेत तोच नंबर दोनदा आला तर तो अडवत नाही. जुना इंडेक्स लगेच पाडू नका, आधी हिडन करा (४.४ पासून), कोणी ओरडलं नाही तर पाडा. आणि साध्या फील्डचा अॅरे करताना ते फील्ड एखाद्या कंपाउंड इंडेक्समध्ये दुसऱ्या अॅरेसोबत नाही ना ते पाहा. दोन समांतर अॅरे एका इंडेक्समध्ये चालत नाहीत, लिहिणंच अडतं.

दुसरा डेटाबेस असेल तर

फायरस्टोअरमध्ये ऑर्डरबाय लावलेलं फील्ड ज्या डॉक्युमेंटमध्ये नाही ते निकालात येतच नाही, आणि ‘फील्ड नसलेली द्या’ अशी क्वेरीही करता येत नाही. नवं फील्ड वापरण्याआधी सगळ्यांत निदान नल भरून घ्या. डायनॅमोडीबीत सेकंडरी इंडेक्सच्या कीचं फील्ड नसलेला आयटम इंडेक्सबाहेर राहतो, आणि त्या फील्डचा टाइप चुकला तर लिहिणंच नाकारलं जातं. काउचडीबीत डिझाइन डॉक्युमेंटमधला एक व्ह्यू बदलला तरी त्यातले सगळे व्ह्यू नव्याने बांधले जातात. नव्या नावाने ठेवा, इंडेक्स बांधून होऊ द्या, मग मूळ नावावर कॉपी करा.

जुना आकार नव्यात बदलणारं फंक्शन कधी काढायचं, हा प्रश्न शेवटी येतोच. कलेक्शन साफ झालं म्हणून लगेच नाही. बॅकअप ९० दिवसांचे ठेवत असाल तर ते फंक्शन किमान ९० दिवस राहू द्या. मोंगोरीस्टोरने जुना डंप (बॅकअपची फाइल) ड्रॉप पर्याय लावून किंवा रिकाम्या डेटाबेसवर चढवला की जुनी डॉक्युमेंट तर येतातच, शिवाय डंपच्या मेटाडेटातून कलेक्शनचे जुने पर्यायही येतात, म्हणजे नुकताच लावलेला व्हॅलिडेटरही जागेवर नसतो. रीस्टोर झाल्या झाल्या व्हॅलिडेटर परत लावा आणि पहिल्या तासात शिरगणती चालवा.